घासाघीस: आठवडी बाजारापासून ऑनलाइन बाजारापर्यंत

विकणाऱ्याने वस्तूचा भाव चढता सांगायचा, घेणाऱ्याने तो पाडून मागायचा आणि दोघांनी थोडेथोडे सरकत अखेर एका आकड्यावर यायचे, या व्यवहाराला मराठीत घासाघीस म्हणतात. महाराष्ट्राच्या बाजारपेठांना हा व्यवहार मुळीच नवा नाही. परंतु जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री मोबाईलवरील ऑनलाइन बाजारपेठांत होऊ लागल्यापासून त्याविषयीची तक्रार मात्र घरोघरी ऐकू येते. वस्तू कशी आहे हे विचारण्याआधीच ‘लास्ट किती?’ असा संदेश येतो, सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने मागणी होते, भाव ठरल्यावर घेणारा फिरकत नाही किंवा दारात येऊन ठरलेला आकडा पुन्हा मोडतो, असे विकणारा सांगतो. तर सकाळी कबूल केलेली वस्तू दुपारी चार पैसे जास्त देणाऱ्याला दिली जाते आणि पत्ता शोधत गेल्यावर छायाचित्रात न दिसलेला दोष समोर येतो, असे घेणाऱ्याचे म्हणणे असते. या मनस्तापाचे खापर बहुधा माणसांच्या बदललेल्या स्वभावावर फोडले जाते. इतिहास मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. घासाघीस पूर्वी कधीच एकटी नव्हती. मालाची तपासणी, मध्यस्थ, साक्ष, इसार आणि बाजाराची ठरलेली वेळ अशी एक चौकट तिच्याभोवती असे. ती चौकट उभी राहायला आणि तिच्यातील अन्याय दूर व्हायला फार मोठा काळ लागला, आणि ऑनलाइन बाजारात घासाघीस परतली ती या चौकटीशिवाय.

या इतिहासाकडे वळताना आधी हे ध्यानात घ्यावे लागते की जुन्या मराठी खेड्यातील बराचसा व्यवहार भाव न करताच होत असे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट आदी बलुतेदार वर्षभर शेतकऱ्याची कामे करीत आणि सुगीच्या वेळी पिकाचा ठरीव वाटा, म्हणजे बलुते, घेत. त्यामुळे नांगराचा फाळ पाजवून देण्याची मजुरी त्या त्या वेळी ठरवण्याचा प्रश्नच येत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने केलेले वर्णन आहे. मोबदला रूढीने ठरलेला असल्यामुळे रोजचे तंटेबखेडे टळत हे खरे; परंतु ती रूढी जातींच्या उतरंडीशी जखडलेली असल्यामुळे ज्याचे काम हलके मानले गेले त्याच्या पदरात पडणारा वाटाही हलकाच राही, आणि अधिक मागण्याची मुभा त्याला नसे. भाव करता येणे ही या दृष्टीने एक मोकळीक होती, आणि ती मिळण्याची जागा म्हणजे आठवडी बाजार.

आठवड्याच्या एका ठरलेल्या वारी पंचक्रोशीतील माणसे एका गावी जमत, धान्य, भाजी, मिरची, घोंगड्या, मडकी, दोरखंड असा माल मांडला जाई आणि दिवस मावळण्याच्या आत बाजार उठे. या वेळापत्रकामुळे घासाघिशीला आपोआप मर्यादा पडत असे. सकाळी पहिली विक्री, जिला ‘भवानी’ म्हणतात, ती हातची जाऊ नये म्हणून विकणारा थोडे नमते घेई. दुपारी गर्दी भरात असताना भाव ताठ राही. आणि उरलेली भाजी पुन्हा डोक्यावरून घरी नेणे परवडत नसल्यामुळे दिवस कलला की भाव उतरे. कोणत्या वेळी किती ताणायचे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे. शिवाय पुढच्या आठवड्यात त्याच जागी तोच विकणारा आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा समोरासमोर येणार असल्यामुळे आज केलेली लबाडी आठ दिवसांनी अंगाशी येण्याची धास्ती दोघांनाही असे.

शहरांतील पेठांमध्ये या रिवाजावर राज्यसत्तेचीही देखरेख होती. पेशवेकालीन पुण्यात नवी पेठ वसवताना शेटे आणि महाजन हे वतनदार नेमले जात. व्यापाऱ्यांना आणून वसवणे, पेठेतील व्यवहार सुरळीत ठेवणे आणि त्याबदल्यात ठरलेले हक्क घेणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. शहराचा कोतवाल बंदोबस्ताबरोबरच बाजाराचेही काम पाही आणि वजनमापे व भाव यांवरून उठणारे तंटे त्याच्यापुढे येत. जिनसांच्या चालू भावांच्या यादीला ‘निरख’ म्हणत. निरखामुळे घासाघीस बंद झाली नाही. परंतु वाजवी भाव साधारण कोणत्या आसपास असावा याची सर्वांना माहीत असलेली एक खूण तयार झाली, आणि तिच्या अलीकडे-पलीकडेच बोलणी होत राहिली. अशी खूण असणे किती मोलाचे होते हे तत्कालीन मापांकडे पाहिले की समजते. शेर, पायली, मण आणि खंडी ही मापे नावाने सर्वत्र एकच असली तरी त्यांचा आकार गावोगाव बदलत असे, म्हणून भाव करताना रुपयांइतकाच मापाचाही विचार करावा लागे. ही अडचण दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाल्यानंतरच दूर झाली.

घासाघिशीची चौकट सर्वांत स्पष्टपणे दिसते ती जनावरांच्या बाजारात, कारण बैल ही शेतकऱ्याची सर्वांत मोठी खरेदी असे आणि तिच्यातील दोष वरवर पाहून कळत नसत. सांगोल्याचा आठवडी बाजार किंवा खरसुंडीची यात्रा अशा ठिकाणी खिल्लार बैलांचे व्यवहार होत आले आहेत. तेथे भावाचा शब्द निघण्यापूर्वी बराच वेळ जनावर पाहण्यात जातो. बैलाचा जबडा उघडून दात मोजले जातात, कारण आदत, म्हणजे कायमचे दात न आलेला, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि सर्व दात आलेला जुळलेला, अशा क्रमाने त्याचे वय ठरते. मग खुर, खांदा, अंगावरचे भोवरे आणि चाल पाहतात, आणि खात्री पटत नसेल तर गाडीला जुंपून पाहतात. यानंतर पुढे येतो तो ‘हेडी’, म्हणजे जनावरांच्या सौद्यातला व्यापारी किंवा दलाल. तो उपरण्याच्या किंवा धोतराच्या सोग्याखाली एकाचा हात आपल्या हातात घेतो आणि बोटे धरून आकडा कळवतो. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा धरला की पाच, आणि हे आकडे शेकड्यात की हजारात हे आधीच उच्चारलेल्या एखाद्या शब्दावरून समजते. समोरचा हात मागे ओढतो, पुन्हा देतो, बोट दाबतो. भोवतालच्या माणसांना मात्र कापडाची हालचाल तेवढी दिसते. या रीतीला ‘हत्ता’ म्हणतात.

हत्त्याखाली आकडा जुळला म्हणजे सौदा पुरा झाला असे मात्र होत नसे. घेणाऱ्याने चारचौघांसमोर काही रक्कम ‘इसार’ म्हणून द्यायची असे. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची आगाऊ खूण: ती स्वीकारल्यावर विकणाऱ्याला तेच जनावर दुसऱ्याला विकता येत नसे, आणि घेणाऱ्याने पाठ फिरवली तर त्याची रक्कम बुडे. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारी ही छोटी रक्कम, ती देताना हजर असलेली माणसे आणि बाजाराच्या व्यवस्थापनाकडून मिळणारा खरेदीचा दाखला, यांमुळे बोलण्याला वजन येत असे. शब्द फिरवणाऱ्याची गोष्ट एका बाजारातून दुसऱ्या बाजारात पोहोचे आणि हेड्याला तर आपल्या नावावरच पुढचा धंदा करायचा असे.

तथापि या जुन्या बाजाराचे गुणगान करून थांबणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल, कारण कापडाखालचा हात अनेकदा शेतकऱ्याच्या मुळावर आला. धान्य, कापूस आणि हळद यांसारख्या मालाच्या घाऊक बाजारांत माल शेतकऱ्याचा असे, पण हत्ता चाले तो अडत्या आणि व्यापारी यांच्यामध्ये. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानी उतरवून कमिशनवर विकणारा मध्यस्थ. कोणी किती भाव देऊ केला आणि अडत्याने शेतकऱ्याला किती सांगितला, हे पडताळण्याचा मार्गच नव्हता. भर म्हणून दलालांनी आणि सराफांनी आकड्यांची सांकेतिक बोलीही घडवली होती, जिला ‘नंदभाषा’ म्हणत. तीत केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन आणि उधानू म्हणजे तीन, त्यामुळे उघड बोलणेही बाहेरच्या माणसाला कळत नसे. भाव ठरल्यावर पुन्हा हमाली, तोलाई, अडत, धर्मादाय आणि ‘कडता’, म्हणजे माती-कचरा व ओल यांच्या नावाने वजनातून केलेली कपात, असे तोडत तोडत शेतकऱ्याच्या हाती उरेल ते पडे.

या गैरव्यवहाराला आळा घालण्याचे पहिले प्रयत्न कापसाच्या बाजारात झाले, कारण विदर्भाचा कापूस परदेशी जात होता आणि त्याच्या व्यवहारात सरकारचे व निर्यातदारांचे हितसंबंध गुंतले होते. १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथील बाजार नियंत्रणाखाली आणण्यात आला आणि तो देशातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ मध्ये कापूस बाजारांचा कायदा आला. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला, त्यानंतर १९३९ मध्ये मुंबई इलाख्यात सर्व शेतमालाला लागू होऊ शकेल असा कायदा आला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन अधिनियम संमत झाला. या कायद्यांखाली स्थापन झालेल्या बाजार समित्यांनी हत्त्याच्या जागी उघड लिलाव आणला, म्हणजे मालाच्या ढिगासमोर उभे राहून सर्वांच्या कानी पडेल अशी बोली लावण्याची पद्धत आणली. समित्यांच्या कारभारातही पुढे दोष शिरले. पण भाव जाहीरपणे ठरला पाहिजे, वजन तिऱ्हाइतासमोर झाले पाहिजे आणि कपातीला पावती हवी, ही तत्त्वे कायद्याने मान्य होणे हा या इतिहासातील मोठा टप्पा होता.

घाऊक बाजारात हे बदल होत असताना शहरी घरांच्या उंबऱ्यावर घासाघिशीचे एक वेगळेच रूप नांदत होते. जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि वाड्यांत नित्याची होती. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला कपड्यांचे गाठोडे घेऊन ती येई, पायरीवर बैठक मारी आणि घरातील बाईने आणलेली प्रत्येक साडी उलगडून, उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधी. जरीचा काठ असला तर बोटांनी चाचपून पाही. बाईचे लक्ष मोठ्या पातेल्यावर असे आणि बोहारीण पुढे करी ती झाकणी किंवा लहान डबा. मग ‘आणखी एक पँट टाका’ आणि ‘एवढ्या कपड्यांत तर हंडा येईल’ अशी ओढाताण सुरू होई, बोहारीण गाठोडे बांधून उठे, जिन्याच्या चार पायऱ्या उतरे आणि परत बोलावली जाई. या सौद्यात पैसा नव्हता, निरख नव्हता, दलालही नव्हता. तरी तो टिकला, कारण दोन्ही वस्तू दोघींच्या डोळ्यांसमोर असत, अदलाबदल तिथल्या तिथे पुरी होई आणि काही महिन्यांनी तीच बोहारीण पुन्हा त्याच दारी येई. घरखर्चाच्या पैशावर फारसा अधिकार नसलेल्या अनेक गृहिणींना स्वतःच्या हुशारीवर काही मिळवण्याची संधी या घासाघिशीत होती, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरीकडे एकच भाव ठेवण्याची कल्पना मूळ धरत होती. पॅरिसमधील ‘बॉन मार्शे’ या दुकानाशी १८५२ मध्ये जोडल्या गेलेल्या आरिस्तीद बूसिको यांनी प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिण्याची आणि ती सर्वांना सारखीच आकारण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ केली आणि पुढे जगभरच्या मोठ्या दुकानांनी ती उचलली. महाराष्ट्रात या कल्पनेला सहकाराची आणि ग्राहक चळवळीची जोड मिळाली. मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्तीत १९४८ मध्ये सुरू झालेल्या सहकारी ग्राहक संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीतून १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि तिने घासाघिशीऐवजी सामूहिक खरेदीचा मार्ग दाखवला, ज्यात शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याच्या सामानाची मागणी नोंदवतात आणि ते थेट घाऊक दराने मिळवतात. पुढे वेष्टनातील वस्तूंवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे सर्वांच्या ओळखीची एमआरपी, छापणे १९९० च्या सुमारास बंधनकारक झाले. ही किंमत कायद्याने केवळ वरची मर्यादा आहे. परंतु व्यवहारात तिलाच भाव मानले गेले, आणि किराणा, औषधे, साबण यांच्या दुकानांत भाव करणे कमीपणाचे वाटणारी एक पिढी तयार झाली. घासाघीस भाजीपाला, पदपथावरचे कपडे आणि पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणांपुरती उरली.

नेमक्या या टप्प्यावर ऑनलाइन बाजार आला. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबेची सुरुवातीची रचना उघड लिलावाच्या जवळची होती: बोली सर्वांना दिसे, लिलाव संपण्याची वेळ ठरलेली असे आणि सौद्यानंतर दोन्ही पक्ष एकमेकांविषयी जाहीर अभिप्राय नोंदवीत. भारतात २००० मध्ये सुरू झालेले बाझी हे संकेतस्थळ याच वाटेने गेले आणि २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतले. त्यानंतर २००६ मध्ये ओएलएक्स, २००८ मध्ये क्विकर आणि २०१६ मध्ये फेसबुक मार्केटप्लेस यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांचे मूळ स्वरूप वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींचे होते: वस्तूचे छायाचित्र आणि अपेक्षित किंमत लावायची, आणि पुढचे बोलणे घेणारा व विकणारा यांनी खासगी संदेशांतून करायचे. अडगळीत पडलेल्या असंख्य वस्तू यामुळे गरजूंच्या हाती गेल्या, हा या बाजाराचा निःसंशय लाभ आहे. परंतु भाव ठरवण्याच्या पद्धतीपुरते पाहिले तर हा प्रवास उघड लिलावाकडून पुन्हा हत्त्याकडे झाला. विकणारा एकाच वेळी अनेकांशी काय बोलतो हे कोणालाही दिसत नाही, आणि कापडाखालच्या हाताला निदान हेड्याची जबाबदारी होती, तीही येथे उरलेली नाही.

अर्थशास्त्राने या अवस्थेचे विश्लेषण पूर्वीच करून ठेवले आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन असे दाखवले की दोषांची माहिती विकणाऱ्यालाच असते तेव्हा घेणारा सावधगिरीने सर्वच मालाची किंमत कमी धरतो, आणि मग चांगला माल असलेले विक्रेते बाजारातून निघून जातात. ऑनलाइन बाजारात निम्म्याने मागणी का होते याचे बरेचसे उत्तर यात आहे, कारण न पाहिलेल्या वस्तूची अनिश्चितता घेणारा किमतीतून वजा करीत असतो. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू या गावाच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये असे मांडले की अशा बाजारात खरी दुर्मीळ गोष्ट माहिती ही असते; घासाघीस हा ती मिळवण्याचा मार्ग असतो, आणि म्हणूनच माणसे दहा ठिकाणी वरवर चौकशी करण्यापेक्षा नेहमीच्या विक्रेत्याशी खोलवर बोलणी करतात. ऑनलाइन बाजारात दहा जणांना एकच संदेश पाठवायला काहीच कष्ट पडत नाहीत, त्यामुळे वरवरची चौकशी अमाप वाढते आणि खोल बोलणी दुर्मीळ होतात; ‘लास्ट किती?’ या प्रश्नाचा उगम येथे आहे. बैलाचे दात पाहण्याआधी शेवटचा भाव विचारणाऱ्याला सांगोल्याच्या बाजारात कोणी गिऱ्हाईक मानले नसते.

दिलेला शब्द न पाळण्याची तक्रारही याच रीतीने उलगडते. येथे इसार नाही, आणि तो देऊ करणेही धोक्याचे झाले आहे, कारण आगाऊ रक्कम घेऊन गायब होणारे विक्रेते आणि ‘पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगून विकणाऱ्याच्याच खात्यातून रक्कम काढून घेणारे तोतया खरेदीदार, या दोन्ही प्रकारच्या फसवणुकी सर्वज्ञात आहेत. कायद्याचा आधारही तोकडा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतून व्यक्तीने खासगी नात्याने, व्यवसाय म्हणून नव्हे, केलेले व्यवहार वगळलेले आहेत. १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा लागू होतात, पण जुन्या कपाटाच्या सौद्यासाठी न्यायालयाची पायरी कोणी चढत नाही. बाजार उठण्याची वेळ नसल्यामुळे बोलणी आठवडाभर लोंबकळतात, आणि पुन्हा भेट होणार नसल्यामुळे शब्द मोडण्याची किंमत शून्यावर येते. एकाच गृहसंकुलातील रहिवासी आपसात जुने सामान विकतात तेव्हा हा त्रास बराच कमी होतो, कारण उद्या जिन्यात गाठ पडायची असते.

यावरून घासाघीस वाईट आणि एकच भाव चांगला असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. जुन्या वस्तूला छापील किंमत असू शकत नाही. तिचे मोल तिच्या झिजेवर, घेणाऱ्याच्या गरजेवर आणि विकणाऱ्याच्या घाईवर ठरते, म्हणून तिच्या बाबतीत भाव करणे हाच न्याय्य मार्ग आहे. गरज आहे ती त्या बोलण्याला चौकट देण्याची: वस्तू ताब्यात येईपर्यंत इसाराची रक्कम तिऱ्हाइताकडे सुरक्षित ठेवणारी सोय, देऊ केलेल्या भावाला मुदत, शब्द मोडल्याची सर्वांना दिसेल अशी नोंद, दोष न लपवता सांगण्याची सक्ती, आणि तत्सम वस्तू प्रत्यक्षात किती रुपयांना विकल्या गेल्या हे सांगणारा आजच्या काळचा निरख. यांतील एकही गोष्ट मराठी बाजाराला अपरिचित नाही. कारंजाच्या नियंत्रित बाजारापासून १९६३ च्या अधिनियमापर्यंत सत्त्याहत्तर वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी कापडाखालच्या हाताचा तोटा सोसला. ऑनलाइन बाजारातला मनस्ताप हा माणसांच्या स्वभावाचा दोष म्हणून सोडून दिला तर तीच दिरंगाई पुन्हा होईल; तो व्यवस्थेतील उणिवेचा परिणाम आहे हे मान्य केले, तर ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी बाजार चालवणाऱ्यांवर आणि कायदा करणाऱ्यांवर येते, आणि ती त्यांच्याकडे मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.